परत ठेवलेल्या मिरच्या

मोठी आई,

आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायचा हक्क माझा नाही, हे मला ठाऊक आहे. इथल्या, रायपुरच्या मराठी मंडळाचा अंक निघतो, त्यात वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी काही पानं राखून ठेवतात. मंडळाचे एक काका खोलीवर आले आणि बाबांना म्हणाले, "वहिनींवर कोणीतरी लिहून द्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा लिहिता येणारही मीच, असं त्यांना वाटलं. पण तुला खरं ओळखणारी माणसं वेगळी होती. शंकर नगरच्या वळणावर पोतं अंथरून भाजी विकणारी देवकी होती, तेलाच्या घाण्यावरचे साहूजी होते, चक्कीवाला होता. त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर या पानावर तुझं हसू आलं असतं. माझ्याकडून काय येईल ते मला सांगता येत नाही.

माझ्या मराठीचीही माफी. मी हिंदी शाळेत शिकलो. तू मराठीत बोलायचीस आणि मी हिंदीत उत्तर द्यायचो, आपलं घर असंच दोन भाषांत चाललं. तू कधी टोकलं नाहीस. एकदाच म्हणालीस, "हिंदीत बोल बाप्पा, पण जेव तरी मराठीत." आणि ताटात झुणका वाढलास. एवढं लांब मराठीत मी आजवर कधी लिहिलं नाही. तू दाण्यातून खडे वेचून फेकायचीस, तसे यातलेही वेचून फेक.

बारावी झाल्यावर बाबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं तो दिवस तुला आठवत असेल. गोंदियाकडच्या आपल्या गावात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बाबांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, रेल्वेत होते, ते जाऊन चार वर्षं झाली होती. तुला मूलबाळ नव्हतं. तू शंकर नगरच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एक खोली आणि पुढची ओसरी घेऊन एकटी राहत होतीस. बाबा संकोचून म्हणाले, "वहिनी, पोट्टा तीन वर्षं राहीन. खर्चाचं..." तू त्यांना पुढे बोलू दिलं नाहीस. "खर्चाचं मी पाहीन. तू फक्त सांग, हा कारलं खाते का?"

मी कारलं खात नव्हतो. महिनाभरात खायला लागलो, कारण त्या दिवसांत कारलं स्वस्त होतं.

दुसऱ्याच दिवशी तू मला बाजारात नेलंस. हातात ती खाकी पिशवी होती, मोठ्या बाबांच्या रेल्वेच्या जुन्या पँटची शिवलेली. तिला पँटचा खिसा तसाच ठेवला होता, त्यात तू सुटे पैसे ठेवायचीस. मी मागे मागे चालत होतो आणि कोणी ओळखीचं दिसेल म्हणून इकडेतिकडे पाहत होतो. रायपुरात आदल्या संध्याकाळी आलेल्या मला कोण ओळखणार होतं? तरी मी पाहत होतो. मोठी आई, ही लाज मी गावाहूनच बरोबर आणली होती. तू मला ती दिली नाहीस, हे मी इथे लिहून ठेवतो.

तुझं सामान घेणं मला तेव्हा कंजुसी वाटायचं. आज त्यातली एकेक गोष्ट आठवते आणि कळतं की ती एक विद्या होती. तू तांदळाचा दाणा दाताखाली धरून फोडायचीस. कट्कन आवाज आला तर जुना. "जुना तांदूळ पाणी पिते," म्हणायचीस, "एका वाटीत दोघं जेवते. नवा घेतला तर चिकट गोळा होते आणि पोट भरत नाही." साहूजींकडे तेल घ्यायला गेलीस की डबा पुढे करून आधी रिकामा तोलायला लावायचीस. ते हसायचे, "दीदी, आपका डिब्बा तो मुझे मुंहजबानी याद है." तू म्हणायचीस, "डिब्बा याद है भैया, उसमें पोचा पड़ा वो याद है क्या?" कपडे धुवायच्या साबणाची लांब वडी आणलीस की दोऱ्यानं चार तुकडे करून खिडकीत पंधरा दिवस वाळत घालायचीस. वाळलेला साबण लवकर झिजत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं इंग्रजी तुला वाचता येत नव्हतं, पण ग्रॅमचा आकडा तू बरोबर शोधायचीस. "किंमत तेच, पुडा हलका करून राहिले," असं दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचीस.

आणि तुझा एक नियम होता. गादीवर बसलेल्याशी भाव करायचा, जमिनीवर बसलेल्याशी करायचा नाही. पोतं टाकून बसलेल्या बाईनं वीस म्हटलं तर वीसच द्यायचे. तिच्याकडून फक्त पुरौनी मागायची.

पुरौनी हा शब्द मी इथेच शिकलो. सौदा झाल्यावर विकणाऱ्यानं आपल्या हातानं वरून टाकलेलं थोडंसं काही. दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या, एखादं लिंबू. छत्तीसगढी बायका मागतात, तूही मागायला शिकलीस. मी तुला विचारलं होतं, भाव कमी करत नाहीस तर हे काहून मागतेस? खरं तर मी "क्यों" म्हटलं होतं. तू म्हणालीस, "भाव कमी केला तर तिचं जाते. पुरौनी ती आपल्या मनानं देते. मनानं दिलेलं घेतलं तर उद्या ओळख राहते." मला ते पटलं नाही. मला वाटलं, मागून घेतलेलं मनानं दिलेलं कसं होईल? हा वाद आपण पुरा केला नाही.

देवकीशी तुझी रोज जुगलबंदी चालायची. तुझ्यापेक्षा ती दहाएक वर्षांनी लहान असेल, कपाळावर मोठं कुंकू, हातात गिलटाची कडी. तू वाकून वांगी निवडायचीस, देठ दाबून पाहायचीस, आणि ती म्हणायची, "दीदी, भांटा ले बिहाव नई करना हे, रांधना हे." वांग्याशी लग्न नाही लावायचं, रांधायचंय. तू म्हणायचीस, "लग्नात तर एवढं पण नाही पाह्यलं वो, म्हणून तर आता पाहून राहिली." मग दोघी हसायच्या. मी सायकल धरून दूर उभा राहायचो. संध्याकाळी देवकीच्या टोपल्या आणि तराजू आपल्या ओसरीत यायचा. ती घरी अभनपुरच्या बाजूला बसनं जायची, ओझं रोज कुठं न्यायचं, म्हणून ते रात्रभर आपल्याकडे. सकाळी न्यायला आली की माठातलं पाणी प्यायची, पाच मिनिटं टेकायची. मला ओसरीत अभ्यासाला बसता येत नाही म्हणून मी कुरकुर करायचो. तिच्या त्या टेकण्यात आणि तुझ्या दोन मिरच्यांत काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते.

अभनपुरवरून आठवलं. तुरीचं पीक निघालं की तू देवकीबरोबर अभनपुरच्या बाजारात जायचीस आणि वर्षाची डाळ घेऊन यायचीस. मी तुला समजावलं होतं की बसचं भाडं धरलं तर डाळ काही फारशी स्वस्त पडत नाही. कागदावर मांडून दाखवलं होतं. तू कागद दोन्ही हातांत धरून नीट पाहिलास आणि म्हणालीस, "अक्षर चांगलं आहे तुझं." मग म्हणालीस, "यात लाखोळी कुठं लिहिली?" इथल्या तुरीच्या डाळीत कोणी कोणी लाखोळीची डाळ मिसळतात. तू मूठभर डाळ तळहातावर पसरून मला दाखवलं होतं, हा गोल दाणा तुरीचा, हा चपटा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, लाखोळीचा. "हे रोज खाल्लं तर माणसाचे पाय जाते. माहा मामा असाच बसला होता जन्मभर. म्हणून मी डोळ्यांदेखत भरडून आणतो." मी कागद घडी करून ठेवून दिला. माझ्या हिशेबात तुझ्या मामाचे पाय नव्हते.

आता ती संध्याकाळ. मी इतकं सगळं लिहिलं ते बहुतेक तिथपर्यंत यायला लागू नये म्हणून.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज नव्या रायपुरात. तू तिथं एकदाच आली होतीस, फी भरायला, आणि त्या रुंद रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत म्हणाली होतीस, "इतला मोठा रस्ता, आणि एक भाजीवाली नाही. इथले लोकं खाते काय?" माझ्या वर्गात बरीच मुलं मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांची होती. त्यांतला एक अनिमेष. तो माझ्याशी चांगलं वागायचा, माझ्या वह्या न्यायचा. मी त्याला सांगितलं होतं की मी शंकर नगरात राहतो. मागच्या पाऱ्यात राहतो हे सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तू देवकीकडे मेथी घेत होतीस आणि मी शेजारी खाकी पिशवी उघडून उभा होतो. एक पांढरी गाडी येऊन थांबली. मागची काच खाली झाली, आतून अनिमेषच्या आईनं फुलकोबीचा भाव विचारला. अनिमेष तिच्या शेजारी बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि हात केला. मी हात केला. तेवढ्यात तू म्हणालीस, "देवकी, पुरौनी दे वो."

देवकीनं दोन मिरच्या टाकल्या.

"एवढीच? काल तर हात मोकळा होता तुझा."

"कल सस्ता रहिस दीदी. आज मिरचा सोन होगे हे, सोन."

"मंग काय नाकात घालू का याले?"

तुम्ही दोघी हसलात. आणि मी पिशवीत हात घालून त्या दोन मिरच्या काढल्या, देवकीच्या पोत्यावर ठेवल्या आणि गाडीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "रहने दो. हम लोग भिखारी नहीं हैं."

हिंदीत म्हणालो. कारण ते तुझ्यासाठी नव्हतंच, ते गाडीसाठी होतं.

 तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मेथीची जुडी पिशवीत नीट आडवी ठेवलीस, म्हणजे पानं मोडू नयेत, आणि चालायला लागलीस. मागे अनिमेषची आई देवकीला म्हणत होती, "पचास? चालीस लगाओ, नहीं तो रहने दो." देवकीनं चाळीस लावले. गाडी गेली. दहा रुपये काढून घेणारीला कोणी भिकारी म्हटलं नाही, मीही नाही. हे मला त्या दिवशी दिसलं होतं, मोठी आई. दिसूनही मी ते पाहिलं नाही.

घरी पोचलो. दार उघडताना एवढंच म्हणालीस, "मिरच्या तरी राहू द्यायच्या होत्या. सकाळी पोह्याले लागते." सकाळी पोहे मिरचीशिवाय झाले. मी ते खाल्ले आणि बस पकडली.

त्यानंतर तू पुरौनी मागितली नाहीस. मी दोनदा तुझ्याबरोबर गेलो तेव्हा पाहिलं. तू भाजी निवडलीस, पैसे दिलेस, निघालीस. देवकीनं काही टाकलं नाही, तूही थांबली नाहीस. काही दिवसांनी तिच्या टोपल्या आणि तराजू आपल्या ओसरीतून गेला. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तिनं पानठेल्यावर सोय केली." मला बरं वाटलं. मी रिकाम्या ओसरीत टेबल टाकलं आणि वर पंखा लावून घेतला. माझ्यासाठी जागा झाली, असं मी तुला म्हटलंसुद्धा.

मग मला शिष्यवृत्ती मिळाली. मला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे खरं आहे. माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते येत नव्हतं. म्हणून मी मोठ्या एसी दुकानातून महिन्याचं सगळं सामान आणलं. तांदूळ, डाळ, तेल, साखर, सगळं सीलबंद. रिक्षातून उतरवलं आणि म्हटलं, आता तुला कुठे जायची गरज नाही. तू पाकिटं एकेक हातात घेऊन पाहिलीस. डाळीचं पाकीट चक्कीवर नेऊन तोलून आणलंस. "वजन बरोबर आहे," म्हणालीस. मी म्हणालो, "देखा?" तू म्हणालीस, "हो रे. माल पण साफ आहे." मग विचारलंस, "तिथं तुले कोणी ओळखलं का?"

मी म्हणालो, दुकानात ओळखायचं काय काम?

तू पाकिटं वरच्या फळीवर ओळीनं लावलीस. आठवडाभर मला विचारत होतीस, "याले उघडू का?" जणू ती पाहुण्यांची होती. तुझं बाजारात जाणं कमी झालं. अभनपुरला जाणं थांबलं. मला वाटलं, तुला आराम मिळाला. पायांना मिळाला असेल. खोलीत बसून तू दिवसभर कोणाशी बोलत होतीस, हे मी विचारलं नाही. मी आलो की तू बोलायचीस आणि मी कानात तार लावून बसायचो.

शेवटच्या वर्षाला मी हॉस्टेलवर गेलो. बस वेळेवर मिळत नाही, असं कारण सांगितलं. बस खरंच मिळत नव्हती, पण कारण ते नव्हतं. तू माझं सामान बांधलंस. कॉलेजसाठी पहिल्या वर्षी घेतलेला निळा शर्ट तू घेताना उलटा करून शिवणीतला दाब मोजला होतास, "अजून वाढते हा, उसवून सोडता येईन." दुकानदार चिडला होता. जायच्या आदल्या दिवशी तू तो दाब उसवून शर्ट मोठा करून दिलास. आज लिहिताना मी तोच घातला आहे. खांद्यात बरोबर बसतो.

हॉस्टेलवर एकदा पोरांनी टरबूज आणायला मला बरोबर नेलं. मी एकेक उचलून वाजवून पाहिलं, जमिनीला टेकलेला पिवळा डाग पाहिला, एक निवडलं. कापलं तर लाल निघालं. अनिमेष म्हणाला, "अबे, ये कहां से सीखा?" मी म्हणालो, "मोबाइल पे देखा था."

तुला नाकारायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तू तिथं होतीस, दुसऱ्या वेळी नव्हतीस, म्हणून कोणाला कळलं नाही. पण मला कळलं. त्या रात्री मला तुझा फोन आला नव्हता, मीच करायला हवा होता. केला नाही.

आपलं शेवटचं बोलणं अगदी साधं झालं. तू विचारलंस, "तिकडे वांगी काय भाव आहे?" मी म्हणालो, "मेस में खाता हूं, मुझे क्या पता." तू म्हणालीस, "तरी विचारत जाय. माहीत असावं माणसाले." मग तू ठेवतो म्हणत होतीस, तेवढ्यात मीच फोन ठेवून दिला.

पाच दिवसांनी बाबांचा फोन आला तेव्हा तू दवाखान्यात होतीस, आणि मी बसमधून उतरलो तेव्हा नव्हतीस. बाबांनी तुला गावी नेलं. सगळं तिथंच झालं. तेरवीला पंगत उठली, आणि आम्ही दोघं खोली रिकामी करायला रायपुरात परत आलो.

वरच्या फळीवर माझी पाकिटं होती. तांदळाची दोन तू वापरली होतीस. बाकीची तशीच, पुसून ठेवलेली. खिडकीत साबणाचे चार तुकडे वाळत होते. बाबांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "काही भाजी घेऊन ये, खिचडीसोबत." दाराला खाकी पिशवी अडकवलेली होती. ती घेऊन मी निघालो. चौकात दुसरी दुकानं होती. पण पाय वळणाकडे गेले.

देवकीनं मला ओळखलं नाही, तिनं पिशवी ओळखली. "ये थैला तो दीदी के हे," ती म्हणाली, आणि मग वर माझ्याकडे पाहिलं. "दीदी कइसे हे बेटा? महीना होगे, दिखिस नहीं."

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या यादीत मंडळ होतं, मोठ्या बाबांचे रेल्वेतले लोक होते, घरमालक होता. देवकी नव्हती. मी उभ्या उभ्या तिला सांगितलं. तिनं हातातली तागडी खाली ठेवली, पदर तोंडाशी धरला. एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला हातानंच जा म्हटलं. मी काय करावं ते न कळून वांगी निवडायला लागलो. देठ दाबून पाहिले. ती म्हणाली, "दीदी अइसनेच देखय." तुझ्यासारखंच.

तिनं अर्धा किलो तोलून दिली, मी पैसे दिले. ती सुटे परत करत होती. तेव्हा मी म्हणालो. किती वेळ मनात घोकत होतो कोण जाणे, पण म्हणालो, आणि मराठीतच म्हणालो, "देवकी, पुरौनी दे वो."

तिचा हात मिरच्यांकडे गेला. मग मागे आला. तिनं मान हलवली. "नई देवंव बेटा. दीदी किरिया खवाय हे."

किरिया म्हणजे शपथ. तू तिला शपथ घातली होतीस.

मग तिनं सांगितलं. तिच्या बोलीत सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहितो. मी मिरच्या परत ठेवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, ती टोपल्या न्यायला आली तेव्हा तू तिच्याजवळ ओसरीत बसलीस. तू तिला म्हणालीस, कालचं मनावर घेऊ नको. आमचा पोट्टा साहेब होऊन राहिला. साहेबाच्या घरच्या बाईनं रस्त्यावर पुरौनी मागितली तर त्याले कमीपणा येते. तेच तो मले सांगून राहिला होता, पण लहान आहे, त्याले नीट बोलता येत नाही. म्हणून मी आता मागणार नाही, आणि मी विसरून मागितली तरी तू देऊ नको, माझी शपथ आहे. त्यावर देवकीला वाटलं, साहेबाच्या ओसरीत भाजीवालीचा तराजूही शोभायचा नाही. तिनं आपल्या मनानं तो हलवला. तू नको म्हणत होतीस, ती ऐकली नाही. रागावून गेली नव्हती. माझ्यासाठी गेली होती.

तुम्ही दोघींनी मिळून माझा मान राखला, दीड वर्ष, आणि मी त्या जागी टेबल टाकलं.

 देवकीनं डोळे पुसले आणि मला खालून वर एकदा पाहिलं, निळा शर्ट, खाकी पिशवी. मग अगदी सरळ मनानं विचारलं, "त साहब बनगेस बेटा?"

मी म्हणालो, अजून नाही.

ती म्हणाली, तिनं तुलाही दर वेळी हेच विचारलं होतं. दीदी, लइका साहब बनिस? पोरगा साहेब झाला का? आणि तू दर वेळी एकच उत्तर द्यायचीस. ते उत्तर ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. पिशवीचं तोंड माझ्या हातात देत ते तिनं तुझ्या मराठीत जसंच्या तसं म्हटलं, "थोडंसंच राह्यलं वो देवकी, होऊन राहिला."